रानडुकरे मारून हा विषाणू थांबणार नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुगीच्या तोंडावर रानडुकरांच्या उपद्रवाची चर्चा दरवर्षी होते आणि ती रास्तच आहे. कळपाने एका रात्रीत भुईमुगाचे वावर उकरून टाकले की शेतकऱ्याच्या हाती काय उरते, हे आम्ही गावोगाव पाहतो. पण अलीकडे या चर्चेत एक नवा मुद्दा शिरला आहे. रानडुकरे आफ्रिकन स्वाइन फिव्हर (डुकरांचा आफ्रिकन ताप) पसरवतात, तेव्हा ती सरसकट मारली की पिकेही वाचतील आणि पाळीव डुकरेही, असे म्हटले जाते. पिकांच्या नुकसानीचा प्रश्न वन विभागाने आणि शेतकऱ्यांनी मिळून सोडवायचा आहे, त्यात आम्ही पडत नाही. रोगाबद्दलचे म्हणणे मात्र चुकीचे आहे. त्यावर विसंबून गावोगाव हाके घालून शिकार सुरू झाली तर आज जिथे रोग नाही तिथेही तो पोहोचेल. वराहरोगांच्या निदानाचे आणि नियंत्रणाचे काम करणारे पशुवैद्यक म्हणून हे सविस्तर लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते.

आधी थोडे रोगाविषयी. स्वाइन फ्लूशी याचा काही संबंध नाही. हा विषाणू माणसाला होत नाही आणि नीट शिजवलेले डुकराचे मांस खाल्ल्याने कोणाला काही होत नाही. डुकरांसाठी मात्र तो जवळजवळ मृत्युदंड आहे. बाधित कळपातील 90 ते 100 टक्के जनावरे आठवडा-दोन आठवड्यांत मरू शकतात. केनियात 1921 मध्ये त्याची प्रथम शास्त्रीय नोंद झाली. आफ्रिकेतील वॉर्टहॉग हे रानटी डुक्कर तो अंगावर बाळगते, पण आजारी पडत नाही. आपले रानडुक्कर आणि पाळीव डुक्कर या दोघांची जात एकच असल्यामुळे दोघेही सारखेच मरतात. 2007 मध्ये हा विषाणू जॉर्जियात पोहोचला, 2014 मध्ये युरोपीय महासंघात, ऑगस्ट 2018 मध्ये चीनमध्ये. भारतात 2020 च्या सुरुवातीला अरुणाचल प्रदेश आणि आसाममध्ये डुकरे मरू लागली आणि भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने निदान पक्के केले. 2022 च्या जुलै-ऑगस्टमध्ये तो केरळातील वायनाड, मध्य प्रदेशातील रीवा आणि पंजाबातील पतियाळा इथे आढळला. जानेवारी 2023 मध्ये तमिळनाडूच्या मुदुमलाई व्याघ्र प्रकल्पात रानडुकरे मरून पडू लागली, तेव्हाही तपासणीत हाच विषाणू निघाला.

आसाम, रीवा, पतियाळा, वायनाड ही नावे नकाशावर शोधून पाहा. आसामातले रानडुक्कर पतियाळ्याला चालत जात नाही. रानडुकरांच्या कळपांतून हा रोग स्वतःच्या बळावर सरकतो तेव्हा त्याची चाल फार मंद असते. पोलंड आणि बाल्टिक देशांतील अनुभव महिन्याला साधारण एक-दोन किलोमीटरचा आहे. शेकडो किलोमीटरच्या उड्या तो माणसाबरोबर मारतो. डुकरे वाहून नेणारा न धुतलेला टेम्पो, डब्यातले मांस, हॉटेलचे खरकटे, व्यापाऱ्याचे बूट ही त्याची वाहने. रानडुकरात तो बहुतेक वेळा आपल्याकडूनच जातो, आणि एकदा जंगलात मुरला की परत पाळीव डुकरांकडे येण्याची वाट कायमची उघडी राहते.

मुरतो म्हणजे काय, ते सांगायला हवे. आजारी रानडुक्कर पाण्याच्या किंवा दाट झाडीच्या आसऱ्याला जाऊन मरते. त्याच्या एका मिलिलिटर रक्तात कोट्यवधी विषाणू असतात. थंड मांसात हा विषाणू सुमारे 110 दिवस, खारवलेल्या मांसात सहा महिने आणि गोठवलेल्या मांसात हजार दिवसांपर्यंत टिकल्याच्या नोंदी आहेत. जर्मनीत संशोधकांनी मेलेल्या रानडुकरांभोवती कॅमेरे लावले, तेव्हा इतर रानडुकरे तिथे पुन्हा पुन्हा येऊन प्रेत आणि त्याखालची भुसभुशीत माती हुंगताना, उकरताना दिसली. कळप निघून गेला तरी जागा बाधित राहते ती अशी. आपल्याकडच्या उन्हात आणि पावसात प्रेत लवकर कुजते, गिधाडे, कोल्हे, कुत्रीही ते फस्त करतात, म्हणून इथे ही मुदत कमी भरेल. पण हाडांतील मगजात विषाणू मांसापेक्षा जास्त काळ तग धरतो.

अशा जंगलात हाका घातला की काय होते? रानडुकराचा कळप एरवी आपल्या ठरलेल्या टापूतच फिरतो. कुत्री, फटाके, बंदुका मागे लागल्या की तो फुटतो आणि ताप अंगात मुरत असलेली जनावरेही नव्या खोऱ्यात जातात. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत चार दिवसांपासून ते जवळपास तीन आठवडे जातात. वरून धडधाकट दिसणारे डुक्कर या काळात कितीतरी अंतर कापू शकते. गावठी बॉम्बने जबडा फाटलेले जनावर तर रक्त सांडतच पळते.

शिकारीनंतर जे घडते ते याहून धोक्याचे आहे. जनावर ओढ्याकाठी ओढून आणतात आणि तिथेच सोलतात. कोथळा झुडपात जातो, रक्त पाण्यात. मांसाचे वाटे पिशव्यांतून घरोघर पोहोचतात. ज्या कोयत्याने ते तोडले तोच दुसऱ्या दिवशी परसात वापरला जातो. मांस धुतलेले पाणी आणि चरबीचे तुकडे दावणीच्या डुकरापुढे ओतले जातात. वन विभागाच्या परवानगीशिवाय अशी शिकार करणे गुन्हा आहेच, पण समजा परवानगी असली तरी विषाणूच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. जंगलातून शेडपर्यंतचा उरलेला रस्ता इथे माणूसच पूर्ण करतो.

युरोपात ज्या देशांनी हा रोग रानडुकरांतून हटवून दाखवला, त्यांपैकी दोघांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. झेक प्रजासत्ताकात जून 2017 मध्ये झ्लीन शहराजवळ बाधित रानडुकरे सापडली. सरकारने गाभ्याच्या भागात सुरुवातीला शिकार बंद केली, भोवती विजेच्या तारांचे आणि उग्र वासाच्या रसायनाचे कुंपण घातले आणि लोकांना आत जायला मनाई केली. मेलेले डुक्कर शोधून कळवणाऱ्याला बक्षीस होते. काही शेतांतील पीक मुद्दाम कापू दिले नाही, म्हणजे कळपाला खाणे आणि आडोसा तिथेच मिळावा, त्याने बाहेर पडू नये. हे सगळे जमल्यावर, अगदी शेवटी, पोलिसांचे नेमबाज आत गेले. एप्रिल 2018 नंतर झ्लीनच्या त्या उद्रेकातले बाधित डुक्कर सापडले नाही. बेल्जियममध्ये सप्टेंबर 2018 पासून 833 रानडुकरे बाधित निघाली. तिथे सुमारे 300 किलोमीटर कुंपण घालून प्रेते उचलण्याचे काम झाले आणि 2020 मध्ये देश रोगमुक्त ठरला. दोन्ही ठिकाणी पाळीव डुकरांत एकदाही शिरकाव झाला नाही. शिकारीला त्या योजनेत जागा होती, पण शेवटची, आणि तीही प्रशिक्षित हातांची. सह्याद्रीत 300 किलोमीटर कुंपण घालणे आपल्याला शक्य नाही. म्हणून जंगलात रोग जाऊच न देणे हाच मार्ग उरतो, आणि तो आपल्या शेडच्या दारातून जातो.

सर्वांत मोठी फट खरकट्याची आहे. शहरांच्या कडेची अनेक वराहपालने हॉटेलच्या आणि खानावळींच्या खरकट्यावर चालतात, कारण एकूण खर्चात खाद्याचा वाटा सर्वाधिक असतो. आमचा सल्ला असा की खरकटे देणे बंद करावे. ज्याला ते शक्यच नाही त्याने आंतरराष्ट्रीय निकष पाळावा: 90 अंश सेल्सिअस, सलग 60 मिनिटे, सतत ढवळत. तासाची मोजणी कढई चुलीवर ठेवल्यापासून धरायची नाही, सगळे खरकटे खदखदू लागल्यापासून धरायची. कढई दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरली तर ढवळता येत नाही, मग तळ करपतो आणि वरचा थर कोमटच राहतो. हाडांचे मोठे तुकडे आधी काढून टाकावेत, त्यांच्या आत उष्णता उशिरा पोहोचते. एवढे करूनही काम फसते ते बादलीपायी. कच्चे खरकटे ज्या बादलीतून आणले तिच्यातूनच शिजवलेले वाढले तर चुलीवरचा तास वाया गेला. दोन रंगांच्या बादल्या ठेवाव्यात आणि कच्च्याची बादली शेडच्या दाराच्या आत येऊ देऊ नये. हॉटेलचे पिंप एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर फिरत असेल तर ते आतून-बाहेरून धुतल्याशिवाय घेऊ नये. गोव्यात आणि सिंधुदुर्गात ‘चोरीस’ (डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज) घरोघर होते. मीठ, व्हिनेगर, ऊन आणि धूर यांवर विषाणू मरेल असा भरवसा धरता येत नाही. चोरीस माणसांनी खुशाल खावी, पण ती कापताना उरलेले तुकडे आणि धुवण डुकरांना देऊ नये.

दुसरी फट कुंपणाची. शेड उघडे असले की रात्री रानडुकराचा नर माजावर आलेल्या मादीपाशी येतो, आणि गव्हाणीत उरलेल्या खाद्यासाठी कळप येतो. पाच फूट उंचीची जाळी पुरते, मात्र ती जमिनीत किमान फूटभर गाडलेली हवी, कारण रानडुक्कर उडी मारण्याआधी उकरून पाहते. एकाच जाळीच्या दोन्ही बाजूंनी नाकाला नाक लागू शकते, म्हणून शेडची भिंत आणि बाहेरची जाळी यांत पाच-सहा फुटांची मोकळी पट्टी ठेवावी. या पट्टीत खाद्याची पोती किंवा शेणखत टाकू नये. डुकरे दिवसा मोकळी सोडून संध्याकाळी बंद करण्याची पद्धत असेल, तर कितीही चांगली जाळी कुचकामी आहे. शहरांतील मोकाट डुकरांचा प्रश्न इथेच येऊन मिळतो. कचरा डेपोवर चरणारे आणि रात्री नाल्याकाठच्या शेतात जाणारे डुक्कर हा खरकटे आणि रानडुक्कर यांच्यामधला पूल आहे. नगरपालिका त्यांच्याकडे केवळ अस्वच्छतेचा विषय म्हणून पाहतात, ते बदलले पाहिजे.

पाय बुडवण्याच्या टाकीबद्दल स्पष्ट लिहितो, कारण तिच्यावर लोकांचा अवाजवी विश्वास आहे. या विषाणूवर निर्जंतुक द्रावणाचा परिणाम व्हायला साधारण अर्धा तास लागतो. चिखलाचे बूट दोन सेकंद बुडवून बाहेर काढले तर काहीच होत नाही, उलट टाकीतले शेण-माती द्रावणच निकामी करतात. टाकीपेक्षा शेडच्या दारात ठेवलेले, तिथेच घालायचे आणि तिथेच काढायचे गमबूट कितीतरी जास्त उपयोगाचे आहेत. तीन-चारशे रुपयांचा जोड पुरतो. जमीन, हत्यारे, टेम्पोचा हौदा हे आधी साबणाच्या पाण्याने घासून घ्यावे, मग द्रावण मारावे. कॉस्टिक सोड्याचे 2 टक्के द्रावण, म्हणजे लिटरला 20 ग्रॅम, पुरेसे आहे. सोडा पाण्यात टाकावा, पाणी सोड्यावर ओतू नये. हातमोजे आणि चष्मा घालावा आणि ॲल्युमिनियमची बादली वापरू नये, सोडा ती खातो. ब्लीचिंग पावडर वापरायची तर ताजी हवी. 30 टक्के क्लोरीनची पावडर लिटरला 75 ते 80 ग्रॅम लागते. उघड्या पोत्यात वर्षभर पडलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून गेलेला असतो, मग ती कितीही टाकली तरी नुसता चुना उरतो.

नवीन जनावर आणले की 30 दिवस वेगळे ठेवावे आणि त्याला खाऊ घालणारा माणूसही शक्यतो वेगळा असावा. निदान त्याने मूळ कळपाचे काम आधी उरकून मग नव्याकडे जावे. पैदाशीचा नर गावोगाव फिरवणे थांबवावे. आणखी एक गोष्ट पशुवैद्यकांनी आणि लस टोचणाऱ्यांनी ऐकावी. क्लासिकल स्वाइन फिव्हर हा वेगळा विषाणू आहे. त्यावर आपल्याकडे चांगली लस आहे आणि ती दिलीच पाहिजे. पण डुकरे मरायला लागल्यावर घाईने एकाच सुईने सगळ्या कळपाला ती टोचली, आणि कळपात प्रत्यक्षात आफ्रिकन तापाचा विषाणू असला, तर त्याच सुईने तो एका दुपारी सगळ्यांच्या रक्तात जातो. प्रत्येक जनावराला नवी सुई हवी, आणि मरतुक सुरू झालेल्या कळपात नमुने घेतल्याशिवाय लसीकरण नको. आफ्रिकन तापावर भारतात मान्यता मिळालेली लस नाही. व्हिएतनामने स्वतःच्या लसींना परवानगी दिली आहे, पण त्या जिवंत विषाणूच्या आहेत. चोरून आणलेली अशी बाटली कोणी विकत असेल तर ती घेऊ नये.

दोन्ही तापांची लक्षणे डोळ्यांनी वेगळी ओळखता येत नाहीत. ताप 105 ते 107 फॅरनहाइट, खाणे बंद, डुकरे एकमेकांवर रेलून पडलेली, कान आणि पोटाची कातडी जांभळी, गाभण मादी गाभडते, काहींच्या नाकातून रक्ताळलेला फेस येतो. काही डुकरे तर संध्याकाळी खाऊन सकाळी मेलेली सापडतात. क्लासिकल तापाची लस वेळेवर दिलेल्या कळपात असे झाले तर पहिला संशय आफ्रिकन तापाचाच घ्यावा. अशा डुकराचे पोट शेडजवळ फाडून पाहू नये. पाणथरी (प्लीहा) काळी पडून फुगलेली दिसेल खरी, पण सांडलेल्या रक्ताने बाकीच्यांची वाट लागेल. रक्ताचा नमुना ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत, बर्फात ठेवून, पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पुण्याच्या औंध येथील पशुरोग प्रयोगशाळेकडे द्यावा. अंतिम निदान भोपाळला होते. प्रेत पुरायचे तर विहिरी आणि ओढ्यापासून दूर, सहा-सात फूट खोल, वर किमान तीन फूट माती आणि चुना. खड्डा उथळ राहिला तर फुगलेले प्रेत माती वर ढकलते, मग कुत्री आणि रानडुकरे ते उकरतात.

हे सगळे सांगूनही मालक कळवत नाही, आणि त्याला दोष देणे आम्हाला जड जाते. केंद्राच्या कृती आराखड्यानुसार बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतील डुकरे नष्ट केली जातात आणि दहा किलोमीटरच्या परिघात देखरेख व वाहतूकबंदी असते. 2022 मध्ये केरळात 15 किलोपर्यंतच्या पिलाला 2,200 आणि 100 किलोवरच्या जनावराला 15,000 रुपये असे वजनाच्या टप्प्यांनुसार भरपाईचे दर होते. पण भरपाई सरकारने मारलेल्या डुकराची मिळते, रोगाने आधीच मेलेल्याची नाही. म्हणजे पहिली चार मेली तेव्हा ज्याने कळवले त्याची ती चार गेली, आणि ज्याने उरलेली रातोरात व्यापाऱ्याला घातली त्याला निदान निम्मी किंमत हातात आली. अशा हिशोबात सर्वांत आधी विकली जातात ती आजारी डुकरेच. लम्पी आजारात 2022 मध्ये महाराष्ट्राने मेलेल्या दुभत्या गाईमागे 30,000, बैलामागे 25,000 आणि वासरामागे 16,000 रुपये दिले होते. डुकरे पाळून पोट भरणाऱ्या वडार, कैकाडी आणि इतर कुटुंबांना, किंवा दोन डुकरांवर मुलांची फी भरणाऱ्या कोकणातल्या घरांना तोच न्याय का नसावा? मृत्यूचीही भरपाई द्यावी, ती कळवल्याच्या तारखेला मोजलेल्या जनावरांवर ठरवावी आणि त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे आगाऊ निधी ठेवावा. पंचनाम्यानंतर सहा महिन्यांनी येणाऱ्या पैशाने दुसऱ्या दिवशीची विक्री थांबत नाही.

राहिला जंगलाचा भाग. एखाद्या परिसरात गोळी, फास किंवा अपघात यांची खूण नसलेले रानडुक्कर मेलेले आढळले, विशेषतः पाणवठ्याजवळ दोन-तीन एकदम, तर त्याला हात न लावता वन विभागाच्या 1926 आणि पशुसंवर्धन विभागाच्या 1962 या क्रमांकांवर कळवावे. फोटो आणि ठिकाण पाठवावे, आणि त्या दिवशी स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या डुकरांच्या शेडमध्ये जाऊ नये. बिबटे आणि वाघ ज्या रानडुकरांवर जगतात ती साफ झाली तर ते गुरांकडे वळतील, म्हणून वन विभागालाही हा विषय परका नाही. तरीही बहुतेक ठिकाणी वनरक्षकाकडे तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याचा मोबाइल क्रमांक नसतो, आणि प्रेत नमुना न घेताच पुरले किंवा जाळले जाते. प्रत्येक वनपरिक्षेत्र कार्यालयात एक डबा ठेवायला फार खर्च येत नाही. त्यात हातमोजे, गमबूट, कापसाचे निर्जंतुक बोळे, झाकणाच्या नळ्या, कुजलेल्या प्रेतातून लांब हाड काढून ठेवण्यासाठी जाड गळती न होणाऱ्या पिशव्या, बर्फाच्या पिशव्यांसह थर्माकोलची पेटी, एक किलो कॉस्टिक सोडा आणि झाकणावर दोन्ही विभागांच्या माणसांची नावे व फोन क्रमांक एवढेच लागते. पावसाळ्याआधी हे डबे पोहोचावेत आणि दोन्ही विभागांनी मिळून ते एकदा उघडून, वापरून पाहावेत, अशी आमची मागणी आहे.

आपले,
वराहरोग नियंत्रणाचे काम करणारे काही पशुवैद्यक, सिंधुदुर्ग